अळूपायी गेलेली पाच माणसं

‘कोण गेलं म्हणालीस?’

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विळीवरनं मान वर केली. हातात अर्धं चिरलेलं वांगं. ओसरीवर मामंजींची मशीन खडखडत होती, ती थांबली. मी उंबऱ्यात उभी. कडेवर रिकामी घागर आणि डोक्यात एक नाव नाही.

‘बंडूआप्पा,’ मी म्हणाले.

‘कुठलं बंडूआप्पा?’

‘करमाळ्याचे.’ करमाळा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, एसटीच्या पाटीवर वाचला होता. ‘टँकर माझ्यापर्यंत येऊन संपला. रांगेत एक बाई भेटली. करमाळ्याहून लेकीकडं आलीय. म्हणाली, तुम्ही माळवदे टेलरांची सून ना, तुमचे बंडूआप्पा गेले हो, चार दिवस झाले.’

आता सांगायला हरकत नाही. बंडूआप्पा नावाचा माणूस आमच्या भावकीत नव्हता. करमाळ्यातही नव्हता. टँकरपासून घरापर्यंत येता येता मी त्याला तयार केला आणि बिचाऱ्याचं बारसं व्हायच्या आत त्याला मारून टाकला. का? तर माझ्या अळूला पाणी हवं होतं.

हसू नका. माझं सासर त्या अळूवर टांगलेलं होतं.

मी मूळची चिपळूणकडची. आमच्याकडं अळू कुणी लावत नाही, ते असतंच. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं ते आपलं आपण वाढतं. उपटून फेकलं तरी आठ दिवसांनी पुन्हा हजर. आणि माझं लग्न ठरलं माणदेशात! माझी आई तोंडाची फटकळ. ‘तिथं माणसं अंघोळ करतात की नुसती झटकतात?’ असं तिनं मध्यस्थाला तोंडावर विचारलं होतं. मला निरोप देताना तिनं ट्रंकेत शालूच्या घडीत ओल्या फडक्यात गुंडाळून अळूचे तीन गड्डे ठेवले आणि म्हणाली, ‘हे जगलं तर तू जगशील गो बाय. नाही जगलं तर मी येईन नि तुला घेऊन जाईन. बिनपाण्याच्या गावात माझी पोर सुकवायची नाही मला.’

ती नुसती धमकी नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीला तिनं असंच एकदा सासरहून उचलून आणलं होतं. दोन वर्षं ठेवून घेतलं. जावई येऊन पाया पडला तेव्हा पाठवलं. आणि मला तर जायचं नव्हतं. स्पष्टच सांगते, मला नवरा आवडला होता. घरही आवडलं होतं. ओसरीवर बापलेक दोघं मशीनवर, आत आत्याबाई आणि कुंदा ही माझी नणंद, आणि दिवसभर चेष्टामस्करी. फक्त पाणी तेवढं नव्हतं.

टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. घरात तीन पिंपं. दोन वापरायची आणि तिसरं अडीनडीचं. त्या तिसऱ्यावर झाकण आणि झाकणावर मामंजींनी पाटा ठेवलेला. अंघोळ दर तिसऱ्या दिवशी, माणशी एक बादली, तीही काठोकाठ नाही. मधल्या दिवशी कुणी विचारलं, अंघोळ झाली का, तर उत्तर यायचं, ‘गोळी घेतली.’ अंघोळीची गोळी म्हणजे अंघोळ न करणं, हे मला महिनाभर कळलंच नाही. मला वाटलं, सासरी सगळ्यांनाच काहीतरी दुखणं आहे आणि लग्नाआधी आमच्यापासून लपवलंय.

तीन गड्ड्यांतले दोन वाळून खडखडीत झाले. तिसऱ्याला मोरीच्या पाण्यापाशी उंदराच्या कानाएवढं एक पान आलं. आणि मी आईला पत्रात काय लिहावं? ‘अळू छान फोफावलंय. पानं सुपाएवढी झाली आहेत.’ काय करणार, हात लिहीत गेला.

मग त्या कानाचं सूप करायच्या मागं लागले. तांदळाचं धुवण अळूला, डाळीचं धुवण अळूला. कपड्यांचं सोड्याचं पाणी मात्र लिंबाला, कारण अळूला सोडा सोसेल की नाही याची मला भीती. जेवणं झाली की मी तांब्या आणि घमेलं घेऊन सगळ्यांच्या मागं. ‘मामंजी, हात इथं धुवा. अहो, चूळ तिकडं नको, परसात चला.’ आमचे हे एकदा चिडून म्हणाले, ‘मी आता घाम पुसतोय, तोपण पिळून घेऊन जा.’ ऊन लागू नये म्हणून वर चार काठ्या रोवून मी मामंजींच्या दुकानातलं अस्तराचं कापड बांधलं. न विचारता. एवढं करूनही पान दुपारी मान टाकायचं.

फाल्गुनात बार्शीचे कुणी खरंच गेले. लांबची भावकी. दहा दिवसांचं सुतक नव्हतं, ऐकलं की डोक्यावरून अंघोळ केली की मोकळं. त्या दिवशी मामंजींनी अडीनडीच्या पिंपावरचा पाटा बाजूला केला आणि घरातली पाच माणसं अंगावरच्या कपड्यांसकट न्हाली. मोरीतून बाहेर नुसता ओहोळ. तिसऱ्या दिवशी अळूला दोन नवी पानं आली.

माझं डोकं तिथं फिरलं. आमची शिंप्याची भावकी पोटासाठी गावोगाव पांगलेली. कोण कुठं आहे याचा कुणाला पत्ता नाही. एखादा माणूस कमी झाला काय आणि जास्त झाला काय! फक्त नातं मापात बेतायचं. दहा दिवस धरावे लागतील इतकं जवळचं नको आणि ‘असू दे’ म्हणून सोडून देतील इतकं लांबचंही नको. अंघोळीपुरतं हवं.

तर, बंडूआप्पा.

मी उंबऱ्यात उभी होते. आता कुणीतरी म्हणणार, असला कुणी नाही. मामंजींनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली.

‘आरारारा! बंडू गेला? लई मोठ्या मनाचा माणूस.’

मी घागर सांभाळत भिंतीला टेकले.

‘मला कसं आठवंना हो?’ आत्याबाई म्हणाल्या.

‘तुला कसं आठवंल? आपल्या लग्नात आला हुता, त्यो शेवटचा. उंचापुरा. इथवर मिशा. एका बैठकीला सात पुरणपोळ्या खाल्ल्या, वर म्हणतोय, तोंडाला चव न्हाई आज.’

‘मला आठवतात,’ आमचे हे म्हणाले. आई-बापाच्या लग्नात आलेला माणूस यांना कुठून आठवणार? पण भावकीतला माणूस आठवत नाही म्हणायची लाज. तिकडून कुंदा डोळे पुसत म्हणाली, ‘मला त्यांनी लिमलेटची गोळी दिली होती.’

मी एकेकाच्या तोंडाकडं बघतच राहिले. मला अजून त्याचा चेहरा धड सुचला नव्हता आणि यांनी त्याला मिशा लावल्या, जेवायला घातलं, पोरांना गोळ्या वाटायला लावल्या.

मामंजी आता रंगात आले होते. ‘आणि त्यो तुझा करंडा गं. आहेरात कुणी ठिवला म्हणून विचारत असतीस न्हवं कायम? बंडूनंच ठिवला हुता.’

आत्याबाईंच्या हातातलं वांगं खाली पडलं. त्यांच्यापाशी चांदीचा एक लहानसा कुंकवाचा करंडा होता. लग्नाच्या आहेरात सापडलेला, वर कुणाचं नाव नाही. त्या पोरक्या, मामानं वाढवलेल्या. लग्नाला त्या मामाखेरीज त्यांच्या बाजूचं कुणी आलंच नव्हतं. तीस वर्षं रोज सकाळी त्यातलं कुंकू लावताना त्या म्हणायच्या, ‘कुणाची माया, देव जाणे.’

‘बंडूभावजींनी दिला होता?’ त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून खरोखरच रडायला लागल्या. ‘आणि मी कधी साधा निरोपसुद्धा धाडला नाही हो त्यांना!’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं. तेवढ्यात मामंजी उठले, पाटा उचलून खाली ठेवला आणि म्हणाले, ‘चला, पाणी काढा. डोक्यावरनं दोन-दोन तांबे जास्त घ्या, बंडू काय परका न्हवता.’

पाण्याचा ओहोळ अळूच्या बुडाशी गेला आणि माझी जीभ जागच्या जागी राहिली. पाण्यासाठी माणूस काय वाटेल ते गिळतो.

पंधरा दिवसांनी मी दुसरा मारला. धोंडूकाका, जतचे. ही बातमी एसटीच्या कंडक्टरनं खिडकीतून ओरडून सांगितली, असं मी सांगितलं. मामंजींनी लगेच टोपी काढली. ‘धोंडू! बटणाला काजं करावीत तर धोंडूनं.’ अंघोळी झाल्या. चार पानं झाली.

आणि मग एक दिवस मामंजी बाजारातून आले ते टोपी हातात घेऊनच. ‘चिंतूअण्णा गेला. मिरजेचा.’

माझ्या हातातली परात पडली. हा मी मारलेला नव्हता!

मी खोटी माणसं मारत बसले आणि देवानं खरी न्यायला सुरुवात केली. त्या दिवशी अंघोळ करताना मी इतकी रडले की आत्याबाई कुंदाला म्हणाल्या, ‘बघ, सुनेला भावकीची किती माया. शीक जरा.’ आठ दिवसांनी मामंजींनी गंगूकाकू गेल्याची बातमी आणली. मी देवापुढं नाक घासलं. आता एकही माणूस मारणार नाही, अळू जळून गेलं तरी चालेल.

देवाच्या तसबिरीखालीच आईचं पत्र होतं. ‘ज्येष्ठ लागला की दुसऱ्या सोमवारी येते. अळू बघते. पान सुपाएवढं नसलं तर ट्रंक भरून ठेव.’

चार ओळी. खाली सहीसुद्धा नाही.

आणि त्याच आठवड्यात टँकर बंद पडला. कुणी म्हणालं इंजिन बसलं, कुणी म्हणालं ड्रायव्हर बसला. चार दिवस गेले, सहा गेले. दोन्ही पिंपांचे तळ दिसले. प्यायचं पाणी तेवढं दोन हंडे कुंदा आणि मी लांबून आणायचो. मामंजींनी फर्मान काढलं, ‘आता सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या.’ तांदूळसुद्धा आम्ही न धुता शिजवले. अळूला सात पानं होती, सातही देठातून मोडल्यासारखी लोंबायला लागली. सोमवार उजाडला. दुपारच्या गाडीनं आई येणार. सकाळी परसात गेले तर मधलं मोठं पान जमिनीला टेकलेलं. उद्या या वेळी मी चिपळूणच्या वाटेवर, ट्रंक मांडीवर. आणि आमचे हे? हे येऊन आईच्या पाया पडतील की नाही, याची मला खात्री नव्हती. त्यांचे गुडघे दुखायचे.

देवाला म्हटलं, एकदाच. शेवटचं.

धावत ओसरीवर आले. सगळे तिथंच होते. ‘अहो ऐकलंत का, वाईट झालं हो! जतचे धोंडूकाका गेले!’

मशीन थांबली.

आत्याबाई माझ्याकडं टक लावून बघत म्हणाल्या, ‘आगं, धोंडूकाका? त्ये तर मागंच गेलं की! तूच सांगितलंस. आपण न्हालोपण!’

एकाच माणसाला मी दोनदा मारलं होतं. इतकी नावं मराठीत असताना मला हेच सुचावं! कुंदा तोंडावर हात ठेवून बघतेय, आमचे हे भुवया जोडून काहीतरी हिशेब लावतायत. आता आई यायच्या आधी हेच लोक मला ट्रंकेत बसवतील असं वाटलं.

तेव्हा मामंजींनी मशीनवरनं मान न उचलता दातांनी दोरा तोडला.

‘त्यो धोंडू निराळा,’ ते म्हणाले. ‘त्यो थोरला. ह्यो धाकटा धोंडू.’

‘दोघं भाऊ? आणि दोघं धोंडू?’ आत्याबाई म्हणाल्या.

‘बापाला एकच नाव येत हुतं, त्यो काय करंल?’ मामंजी उठले. टोपी काढली. पाट्यापाशी गेले. ‘चला, पाणी काढा. पोरगं तसं लवकरच गेलं.’

पाटा सरकला. पिंपात पाणी होतं. वरपर्यंत होतं. मला तेव्हा त्याचा विचारसुद्धा सुचला नाही, मी फक्त पहिली बादली धरली.

पाचही जणांच्या अंघोळी आटपत आल्या आणि परसदाराशी आई उभी. गाडी त्या दिवशी वेळेआधी आली, तिच्या जन्मात पहिल्यांदा. एका हातात पिशवी, दुसऱ्यात आमसुलांचा डबा. समोर आम्ही पाच माणसं भर दुपारी कपड्यांसकट ओलीचिंब, आत्याबाई धाकट्या धोंडूच्या नावानं हुंदके देतायत.

‘कोण गेलं गो?’ आईनं विचारलं.

‘धाकटे धोंडूकाका.’

‘अरे देवा,’ ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि सरळ अळूकडं गेली. मेलेल्यापेक्षा जिवंताची चौकशी आधी, असा तिचा स्वभाव.

पाणी नुकतंच पोचलं होतं. अळू अजून उठलं नव्हतं, पण उठायच्या बेतात होतं. आईनं पदर खोचला, खाली बसली. सात पानं मोजली. मधलं पान हातानं वर धरलं.

‘सुपाएवढी म्हणाली होतीस.’

मी ओला पदर पिळायला लागले.

‘आमच्याकडची सुपं एवढीच असत्यात, विहीणबाई,’ मामंजी डोकं पुसत पुसत म्हणाले.

आईनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. मग चिमूटभर ओली माती उचलली, नाकाशी नेली. ‘शिकेकाई. डाळीचं पीठ. न्हाणीचंच पाणी आहे.’ तिच्या चेहऱ्यावरची एक आठी गेली. ‘म्हणजे अंघोळी करता तुम्ही.’

‘कराव्या लागत्यात,’ मामंजी म्हणाले. ‘काय सांगू, विहीणबाई. ह्या अळूपायी आमच्या भावकीतली पाच माणसं गेली.’

माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

‘अहो, अळूचा काय संबंध?’ आत्याबाई म्हणाल्या.

‘ह्या साली गेली म्हणतोय मी,’ मामंजी म्हणाले आणि टोपी घालून शांतपणे ओसरीवर निघून गेले.

आई तीन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अळू ताठ उभं होतं. आईनं चार पानं काढून वड्या केल्या. आमसुलांचं आंबट लावून, पातळ, कुरकुरीत. आमच्या ह्यांनी नऊ खाल्ल्या. अळू खाल्ल्यावर घसा खाजतो असं ऐकून असलेल्या आत्याबाई आधी लांब बसल्या होत्या, मग पाचवी वडी मागून घेतली. टँकरही सुरू झाला. जाताना एसटीत चढताना आई म्हणाली, ‘राहा. माणसं बरी आहेत. सासरा थोडा खोटारडा वाटतो, पण बरा आहे.’

मला हसावं की रडावं कळेना. गाडी धूळ उडवत गेली आणि मी घरी आले. ओसरीवर मामंजी एकटेच होते. सुई आणि दोरा माझ्यापुढं केला.

‘ओवून दे, सूनबाई. डोळ्यांना दिसंना.’

मी सुई ओवली.

‘आणि आता कुणाला मारू नकोस,’ ते म्हणाले. ‘भावकी संपत आली.’

मी तिथंच खाली बसले. ‘तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?’

‘बंडूपासनं. करमाळ्यात सहा वरसं मशीनवर कामाला हुतो मी. आपल्यातलं एक घर न्हाई तिथं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुझं तोंड बघितलं. घागर मोकळी आणि डोळं भरल्यालं. म्हटलं, पोरीनं माणूस मारलाय म्हंजी कारण तसंच असणार. मग परसात गेलो. अळूवर माझं अस्तराचं कापड! तीन दिवस हुडकत हुतो मी ते.’ ते हसले. ‘मग म्हटलं, एकट्या पोरीनं किती मारायचं? दोन मीबी मारली.’

‘चिंतूअण्णा? गंगूकाकू?’

‘व्हय.’

आणि मी देवापुढं नाक घासलं होतं! मला राग आला, हसू आलं, आणि मग एकदम ते पिंप आठवलं. ‘मामंजी, टँकर नव्हता तरी अडीनडीचं पिंप भरलेलं कसं?’

त्यांनी कापड मशीनखाली सरकवलं. ‘गिऱ्हाइकाकडं कापडं पोचवायला जात हुतो न्हवं रोज सकाळी.’

सायकलच्या हँडलला दोन्हीकडं डबे लावून ते जायचे. मी रोज बघायचे. मला वाटायचं, रॉकेल आणायला जातात. खालच्या मळ्यातली विहीर साडेतीन मैलांवर होती.

मी उठून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ‘आता बास,’ ते म्हणाले, ‘कापड भिजंल.’ मग इकडं तिकडं बघून आवाज बारीक केला. ‘फकस्त एक. आत्याबाईला बंडूचं सांगू नकोस. कवाच.’

‘करंड्यासाठी?’

‘व्हय. बोलताना टाका जरा लांब गेला.’

‘मग तो करंडा खरा कुणी दिला होता?’

ते पायाखाली मशीनची फळी उगीच हलवत राहिले.

‘मीच ठिवला हुता,’ ते म्हणाले. ‘तिच्याकडनं एक भांडंसुदिक आलं न्हाई आहेराला. बायका कुजबुजाय लागल्या. मग म्हटलं, तिचंबी कुणीतरी हाय असं दिसू दे. नवऱ्यानं आहेर करायची रीत न्हाई, मग गुमान ठिवून आलो. आता सांगितलं तर म्हणंल, तीस वरसं बोलला न्हाईत. आणि तिचं कुणीतरी हुतं, ते पुन्हा जाईल.’

मी शब्द दिला.

त्या साली सर्वपित्रीला आत्याबाईंनी पानाशेजारी एक जास्तीचं पान वाढलं. बंडूभावजींचं. त्यावर सात पुरणपोळ्या. छपरावर ठेवायचा अवकाश, कावळ्यांनी झडप घातली. ‘बघितलंत?’ आत्याबाई भरून येऊन म्हणाल्या. ‘काही इच्छा राहिली नव्हती हो त्यांची.’ मामंजी खांबाकडं तोंड करून खोकत राहिले. जो जन्मालाच आला नाही त्याची इच्छा कुठं राहणार! पुढं दरवर्षी ते पान वाढलं गेलं. अळूही राहिलं, मोरीपासून भिंतीपर्यंत पसरलं, निम्म्या गल्लीनं त्यातले गड्डे नेले. बाकी भावकीत त्यानंतर कुणी अवेळी गेलं नाही.

मामंजी गेले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दहाव्याला नदीच्या कोरड्या पात्रात पिंड ठेवला. कावळे होते, चांगले आठ-दहा, बाभळीवर बसलेले. एक खाली येईना. आमचे हे पुढं होऊन म्हणाले, दुकान चालवीन. कुंदा म्हणाली, आईला सांभाळू. कुंदाच्या लेकानं तर घर बांधायचं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं. कावळे ढिम्म. भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करू म्हणाले.

‘थांबा,’ मी म्हणाले.

पुढं गेले. पिंडाजवळ बसले. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, ‘मामंजी, बंडूआप्पाचं मी आत्याबाईंना सांगणार नाही. करंड्याचंही नाही. कधीच.’

उठून दोन पावलं मागं सरले नसेन, कावळा खाली आला.

घरी आलो तर आत्याबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. करंडा मांडीवर.

‘शिवला?’

‘शिवला.’

‘लगेच?’

‘जरा थांबावं लागलं.’

‘कुणाच्या बोलण्यानं शिवला?’

‘माझ्या.’

‘काय बोललीस?’

‘अळूला पाणी घालत जाईन म्हणाले.’

त्यांनी मान हलवली. करंडा पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. ‘आता ह्यो तू वापर. कुणाचा आहेर हाय त्ये इसरू नकोस.’

‘नाही विसरणार.’

‘त्ये आणि बंडूभावजी भेटलं असतील गं आता,’ त्या म्हणाल्या. ‘किती वर्षांनी!’

‘भेटले असतील,’ मी म्हणाले आणि मोरीत अंघोळीला गेले. डोक्यावरून दोन तांबे जास्तच घेतले.